तुलूझ ते लेस्टर : युरोपच्या रग्बी चषकाच्या विक्रमांमागोमाग

युरोपातल्या क्लब रग्बीचा सर्वांत मोठा चषक १९९५-९६ च्या मोसमात सुरू झाला. आधी त्याला हाइनकेन चषक म्हणत, २०१४-१५ पासून तो चॅम्पियन्स चषक झाला. स्पर्धा तीच असल्यामुळे विक्रम मोजताना दोन्ही नावांचे मोसम एकत्र धरतात. २०२५ च्या अंतिम सामन्यापर्यंतचा हिशेब असा : तुलूझ सहा वेळा विजेता, डब्लिनचं लेन्स्टर चार, तुलों आणि सॅरासेन्स प्रत्येकी तीन, लेस्टर, लिमरिकचं मन्स्टर, वॉस्प्स आणि ला रोशेल प्रत्येकी दोन. ब्रीव्ह, बाथ, अल्स्टर, नॉर्दॅम्प्टन, एक्सेटर आणि बोर्दो-बेग्ल यांनी तो एकेकदा जिंकला. ही यादी घरबसल्या पाठ होते, पण त्या त्या गावी जाऊन मैदान पाहिलं की तिच्यातली बरीच गुपितं उलगडतात.

प्रवासासाठी जानेवारी सोयीचा. गटातले सामने डिसेंबर आणि जानेवारीत होतात आणि जानेवारीत लागोपाठचे दोन शनिवार-रविवार मिळतात. पुढचा मार्ग पहिल्या शनिवारी सुरू होतो आणि दुसऱ्या रविवारी संपतो. कोण कुठे खेळणार हे उन्हाळ्यात ठरतं, सामन्याची नेमकी वेळ मात्र टीव्हीच्या सोयीनं नंतर जाहीर होते. त्यामुळे वेळ कळेपर्यंत रेल्वेची न बदलणारी स्वस्त तिकिटं काढू नयेत. सामना शुक्रवारी रात्री गेला की ती वाया जातात.

व्हिसाचं गणितही आधीच सोडवावं. भारतीय पासपोर्टवर फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, ब्रिटनही नाही. दोन्ही देशांत मिळून चालणारी ब्रिटिश-आयरिश योजना भारतीयांना लागू आहे, पण तिची एक अट पुष्कळांच्या लक्षात येत नाही : व्हिसा ज्या देशानं दिला, त्या देशात आधी उतरावं लागतं. या मार्गात आयर्लंड आधी येतं, म्हणून व्हिसा आयर्लंडचा काढावा आणि त्यावर त्या योजनेचा शिक्का आहे ना, हे पाहून घ्यावं.

पहिला दिवस, शनिवार : तुलूझ

तुलूझचं घर म्हणजे एर्नेस्त-वालोन मैदान. शहराच्या वायव्येला सेत दनिए भागात, मध्यवर्ती कापितोल चौकापासून साधारण ४ किलोमीटरवर. इथे सुमारे १९ हजार प्रेक्षक मावतात. मोठे सामने मात्र क्लब गारोन नदीतल्या बेटावरच्या ३३ हजारांच्या महापालिकेच्या मैदानावर नेतो आणि तिथे मेट्रोच्या 'बी' मार्गिकेनं जावं लागतं. दोन्ही ठिकाणं शहराच्या विरुद्ध टोकांना आहेत. तिकिटावरचं मैदानाचं नाव न वाचता लाल-काळ्या जर्सीवाल्यांच्या मागे निघालात तर बहुधा पोचाल, पण सामन्याच्या तीन तास आधी रस्त्यावर जर्सीवाले नसतात.

तुलूझ आठ अंतिम सामने खेळला आणि त्यातले सहा जिंकला. त्या सहा विजयांतली आघाडी ओळीनं मांडून पाहा : १९९६ मध्ये कार्डिफवर ३ गुणांची, २००३ मध्ये पेर्पिन्याँवर ५, २००५ मध्ये स्ताद फ्राँसेवर ६, २०१० मध्ये बियारित्झवर २, २०२१ मध्ये ला रोशेलवर ५ आणि २०२४ मध्ये लेन्स्टरवर ९. सहा चषकांची मिळून बेरीज ३० गुण. यातले १९९६, २००५ आणि २०२४ चे सामने अतिरिक्त वेळेत गेले होते. २०२५ पर्यंत अतिरिक्त वेळेत गेलेले अंतिम सामने एवढेच तीन, आणि तिन्ही तुलूझनं जिंकले. हा संघ अंतिम सामन्यात समोरच्याला चिरडत नाही. ऐंशी मिनिटांनंतरही त्याच्या पायात जोर शिल्लक असतो, आणि बाकावरून येणारे राखीव खेळाडू आधीच्यांच्याच तोडीचे असतात.

चिरडणं पाहायचं तर गटातले सामने पाहावेत. जानेवारी २०२५ मध्ये याच एर्नेस्त-वालोनवर लेस्टरला ८०-१२ अशी हार पत्करावी लागली. स्पर्धेतला सर्वांत मोठा विजयही तुलूझचाच आहे : १९९८-९९ च्या मोसमात वेल्सच्या एबू व्हेलवर १०८-१६. पण हा आकडा एकटा सांगणं अर्धवट ठरेल. त्याच मोसमात त्याच एबू व्हेलनं आपल्या घरच्या मैदानावर तुलूझला १९-११ नं हरवलं होतं. तेच दोन संघ आणि तोच मोसम असून मैदान बदलल्यावर फरक बरोब्बर शंभर गुणांनी फिरला. या स्पर्धेचा कुठलाही विक्रम वाचताना आधी सामना कुठे झाला ते पाहावं, याला याहून चांगला पुरावा नाही.

दुसरी काळजी मोसमाच्या आराखड्याची. पहिल्या मोसमात बारा संघ होते, तीन-तीनचे चार गट, आणि गटविजेता थेट उपांत्य फेरीत. तुलूझनं तो चषक चार सामन्यांत जिंकला. पुढे चार-चारचे सहा गट झाले तेव्हा विजेत्याला नऊ सामने खेळावे लागत. २०२४ मध्ये आठ लागले आणि तुलूझनं आठही जिंकले. शिवाय पहिल्या मोसमात इंग्लंड आणि स्कॉटलंडचे संघ नव्हते. चषक म्हणून सगळे सारखे, पण विजयांची टक्केवारी काढताना हे मोसम एकाच तागडीत घालू नयेत.

दुसरा दिवस, रविवार : बोर्दो

तुलूझच्या मातब्यो स्थानकावरून बोर्दोच्या सें-जाँ स्थानकापर्यंत गाडीला दोन तासांच्या थोडं वर लागतं. सामना दुपारचा असेल तर सकाळची गाडी धरावी. रविवारी गाड्या कमी असतात आणि सामन्याच्या दिवशी त्या भरतात.

शाबान-देल्मास मैदानाजवळ 'ए' मार्गिकेची ट्राम थांबते. हे मैदान १९३८ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी उभारलं गेलं. तेव्हा त्याला पार्क लेस्क्यूर म्हणत आणि जुन्या नोंदींत तेच नाव सापडतं. प्रेक्षागाराचं काँक्रीटचं छप्पर एकाही खांबाशिवाय पुढे झेपावलेलं आहे, त्यामुळे कुठल्याही खुर्चीवरून मैदान पाहताना काही आड येत नाही. जुन्या मैदानांत ही चैन विरळा.

१९९८ चा अंतिम सामना इथेच झाला. बाथनं ब्रीव्हला १९-१८ असं हरवलं आणि बाथचे १९ च्या १९ गुण जॉन कॅलार्ड या एकट्या खेळाडूचे होते. ट्राय, कन्व्हर्जन, पेनल्टी, सगळं त्याचं. रग्बीत ट्रायला, म्हणजे समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवण्याला, ५, त्यानंतर खांबांवर मारायच्या किकला, म्हणजे कन्व्हर्जनला, २, पेनल्टी आणि ड्रॉप गोलला ३ गुण मिळतात. एक ट्राय, एक कन्व्हर्जन आणि चार पेनल्टी मिळून १९.

बोर्दो-बेग्ल हा आजचा क्लब २००६ मध्ये दोन जुने क्लब एकत्र येऊन झाला. त्यांचा पहिला युरोपीय चषक २०२५ चा. त्या मोसमात ते आठच्या आठ सामने जिंकले : बाद फेऱ्यांत अल्स्टर ४३-३१, मन्स्टर ४७-२९, तुलूझ ३५-१८, आणि अंतिम सामन्यात नॉर्दॅम्प्टन २८-२०. दामियाँ पनोनं त्या एका मोसमात १४ ट्राय केले, हा स्पर्धेचा विक्रम आहे. अल्स्टर आणि मन्स्टरविरुद्धचे सामने शाबान-देल्मासवर झाले, तुलूझविरुद्धचा उपांत्य सामना शहराच्या उत्तरेकडच्या नव्या, मोठ्या मैदानावर. तिथे जायला 'सी' मार्गिकेची ट्राम लागते. तुलूझसारखाच इथेही मैदान तपासूनच निघावं.

तिसरा दिवस, सोमवार : ला रोशेल

बोर्दोहून अडीच तासांच्या आसपास. जुन्या बंदरापासून मार्सेल-दफ्लाँद्र मैदानापर्यंत चालत जाता येतं. आसनं १६ हजारांच्या वर. मैदानाला ज्यांचं नाव आहे ते क्लबचे अध्यक्ष होते. जर्मन ताब्याच्या काळात ते प्रतिकार चळवळीत होते आणि १९४४ मध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

समुद्र जवळ, वारा अखंड. जानेवारीत इथे किकरचा सराव पाहायला मिळाला तर जरूर थांबावं : चेंडू खांबांच्या बाहेर रोखून मारलेला दिसतो आणि वारा त्याला आत आणतो. पाहुण्या किकरला हा अंदाज यायला अर्धा सामना जातो.

ला रोशेलचे दोन्ही चषक लेन्स्टरविरुद्धचे. २०२२ मध्ये मार्सेयला २४-२१, विजयी ट्राय अगदी अखेरच्या क्षणी आर्थर रतिएरचा. २०२३ मध्ये डब्लिनला २७-२६, तेही सुरुवातीला ०-१७ असे मागे पडल्यावर. दोन चषकांचं एकूण अंतर ४ गुण. दोन्ही वेळा प्रशिक्षक रोनन ओगारा होते. खेळाडू म्हणून मन्स्टरकडून ११० सामन्यांत १,३६५ गुण हा त्यांचा स्पर्धेतला सर्वाधिक गुणांचा विक्रम आहे. २००० च्या अंतिम सामन्यात मन्स्टर नॉर्दॅम्प्टनकडून ८-९ असं हरलं, तेव्हा शेवटच्या मिनिटांतली पेनल्टी त्यांच्याच पायातून हुकली होती. एका गुणाची किंमत त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. एप्रिल २०२५ मध्ये मात्र मन्स्टरनं याच मैदानावर त्यांच्या संघाला २५-२४ नं बाहेर काढलं.

चौथा दिवस, मंगळवार : प्रवास

ला रोशेलहून पॅरिसला वेगवान गाडी, तिथून डब्लिनला विमान. गाडी मोंपार्नास स्थानकावर येते आणि शार्ल द गोल विमानतळ शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. मध्ये किमान चार तास ठेवावेत. फ्रान्समध्ये रेल्वेचा संप असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोणत्या गाड्या धावणार ते जाहीर होतं, म्हणून ते त्याच वेळी पाहावं.

पाचवा दिवस, बुधवार : डब्लिन

लेन्स्टरही आठ अंतिम सामने खेळलंय. चार जिंकले (२००९, २०११, २०१२, २०१८), चार हरले (२०१९, २०२२, २०२३, २०२४). चार अंतिम सामने हरलेला दुसरा संघ नाही. पण हरलेल्या चारही सामन्यांचं एकूण अंतर २३ गुण आहे, आणि २०१२ चा एकच अंतिम सामना त्यांनी अल्स्टरवर ४२-१४, म्हणजे २८ गुणांनी जिंकला. २०११ मध्ये मध्यंतराला नॉर्दॅम्प्टनविरुद्ध ६-२२ असे मागे असताना त्यांनी ३३-२२ असा सामना फिरवला. जॉनी सेक्स्टनचे त्यात २८ गुण. नुसता 'चार विरुद्ध सहा' एवढा हिशेब धरून लेन्स्टरला तुलूझच्या खालचा संघ ठरवणारे हे पाहत नाहीत. बाद फेऱ्यांत लेन्स्टरनं तुलूझला २०२२ मध्ये ४०-१७ आणि २०२३ मध्ये ४१-२२ असं उपांत्य फेरीतच घरी पाठवलं होतं.

अविवा मैदानाला जायला डार्ट लोकलनं लॅन्सडाउन रोड स्थानकावर उतरायचं. रूळ प्रेक्षागाराच्या खालूनच जातात. सामना संपल्यावर फलाटावर जाऊ देण्यासाठी लोकांना टप्प्याटप्प्यानं सोडतात. त्या रांगेत उभं राहण्यापेक्षा शहरापर्यंत चालत गेलेलं बरं, अर्धा तास लागतो.

इथेच २०२३ मध्ये लेन्स्टर आपल्या शहरात अंतिम सामना हरलं. आपल्याच शहरात अंतिम सामना खेळायला मिळालेले याआधीचे दोन संघ म्हणजे १९९६ चं कार्डिफ आणि २००१ चं स्ताद फ्राँसे. तेही हरले. लंडनचं नाव लावणारं वॉस्प्स २००४ आणि २००७ मध्ये ट्विकनहॅमवर जिंकलं खरं, पण तेव्हा त्यांचं घर लंडनबाहेर हाय विकमला होतं. घरचं मैदान संघाला अंतिम सामन्यापर्यंत आणतं, तिथे मात्र ते उपयोगी पडल्याचं आकडे सांगत नाहीत. आमच्या मते कारण साधं आहे : अंतिम सामन्याची तिकिटं दोन्ही बाजूंना आणि त्रयस्थांना वाटली जातात, म्हणून गर्जना अर्धी होते आणि अपेक्षेचं ओझं मात्र पूर्ण राहतं.

क्रोक पार्क शहराच्या उत्तरेला. हे गेलिक, म्हणजे आयर्लंडच्या पारंपरिक, खेळांचं मैदान. परकीय खेळांना तिथे बंदी होती, ती २००५ मध्ये शिथिल झाली. २००९ च्या उपांत्य सामन्यात लेन्स्टरनं मन्स्टरला २५-६ असं हरवलं तेव्हा इथे ८२,२०८ प्रेक्षक होते. क्लब रग्बीचा तो त्या वेळचा जागतिक विक्रम. एप्रिल २०२५ मध्ये लेन्स्टरनं इथे हार्लेक्विन्सला ६२-० आणि पुढच्याच आठवड्यात अविवावर ग्लासगोला ५२-० असं धुतलं. सलग दोन बाद फेऱ्यांत समोरच्याला शून्यावर ठेवल्यावर उपांत्य फेरीत नॉर्दॅम्प्टननं त्यांना त्यांच्याच घरी ३७-३४ नं हरवलं.

सहावा दिवस, गुरुवार : लिमरिक

डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकावरून निघून बहुतेक गाड्यांना लिमरिक जंक्शनला बदलावं लागतं. हे जंक्शन लिमरिक शहरात नाही, बरंच दूर आहे. नाव पाहून तिथेच बाहेर पडण्याची चूक नवखे करतात. शहराचं स्थानक कोल्बर्ट. तिथून शॅनन नदी ओलांडून थॉमंड पार्क अर्ध्या तासाच्या चालीवर.

मन्स्टरचा इथला विक्रम या सगळ्या प्रवासात सर्वांत भारी वाटतो. १९९५ पासून जानेवारी २००७ पर्यंत ते या मैदानावर युरोपीय चषकाचा एकही सामना हरले नाहीत, सलग २६ सामने. तो क्रम लेस्टरनं १३-६ नं मोडला. या काळात इंग्लंड-फ्रान्सचे श्रीमंत क्लब इथे आले आणि रिकाम्या हातानं परतले.

त्यातला सर्वांत नावाजलेला सामना १८ जानेवारी २००३ चा. त्या मोसमात बोनस गुण नव्हते, ते पुढच्या वर्षी आले. गटातून पुढे जायला मन्स्टरला ग्लॉस्टरविरुद्ध किमान चार ट्राय आणि २७ गुणांची आघाडी लागत होती. त्यांनी ३३-६ असा विजय मिळवला. चार ट्राय आणि बरोब्बर २७ गुण, शेवटचं कन्व्हर्जन ओगाराचं. आजच्या पद्धतीत विजयाला ४, बरोबरीला २, चार ट्रायला १ बोनस आणि सात किंवा कमी गुणांनी हरल्यास १ असे गुण मिळतात, त्यामुळे असे नेमके हिशेब आता क्वचित जुळून येतात.

इथे पाळायचा एक रिवाज : किकर चेंडू ठेवतो तेव्हा सगळं मैदान गप्प होतं, किकर पाहुण्यांचा असला तरी. ओरडणं, शिट्टी, हातातल्या पिशवीचा आवाजसुद्धा लोकांना खपत नाही. पंचवीस हजारांच्या शांततेत पावलं मोजणं पाहुण्या किकरला गोंगाटापेक्षा जड जातं.

तुलूझनं मात्र एप्रिल २०२१ मध्ये इथे ४०-३३ असा विजय मिळवला आणि तो चषकही नेला. पुढच्या वर्षी उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा गाठ पडली तेव्हा थॉमंड पार्क एड शीरनच्या मैफलीसाठी दिलेलं होतं, म्हणून मन्स्टरला 'घरचा' सामना डब्लिनला खेळावा लागला. अतिरिक्त वेळेनंतरही २४-२४. खांबांवर किक मारण्याच्या चढाओढीत तुलूझ ४-२ नं जिंकलं. घर हातचं गेल्याची इतकी थेट किंमत क्वचितच मोजावी लागते.

शेवटची गाडी कोणती हे सकाळीच पाहून ठेवावं.

सातवा दिवस, शुक्रवार : समुद्रमार्गे कार्डिफ

डब्लिन बंदरातून हॉलिहेडला जहाज, सव्वातीन तास. पुढे कार्डिफपर्यंत रेल्वे, पाच तासांच्या आसपास. दोन्हींचं मिळून एकच 'सेलरेल' तिकीट मिळतं. जानेवारीत वादळामुळे फेऱ्या रद्द होतात. डिसेंबर २०२४ मध्ये डॅरा वादळात हॉलिहेडचे धक्केच मोडले आणि बंदर जानेवारीच्या मध्यापर्यंत बंद होतं. म्हणून सकाळचं जहाज धरावं.

आठवा दिवस, शनिवार : कार्डिफ

मिलेनियम स्टेडियम (२०१६ पासून प्रिन्सिपॅलिटी स्टेडियम) आणि कार्डिफ आर्म्स पार्क शेजारी-शेजारी, प्रेक्षागारांच्या पाठी एकमेकींना लागलेल्या. ७ जानेवारी १९९६ चा पहिला अंतिम सामना आर्म्स पार्कवर झाला, २१,८०० प्रेक्षकांसमोर. तुलूझ २१, कार्डिफ १८. त्यानंतर वेल्सचा एकही संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला नाही. १९९७ चा सामना धरून कार्डिफ शहरात २०२५ पर्यंत आठ अंतिम सामने झाले, इतर कुठल्याही शहरापेक्षा जास्त चषक इथे उंचावले गेले, पण यजमानांच्या वाट्याला एकही नाही. १९९६ नंतर सर्वांत जवळ कार्डिफ २००९ मध्ये आलं : उपांत्य फेरीत लेस्टरशी २६-२६, मग किकच्या चढाओढीत ६-७. मार्टिन विल्यम्स हा फॉरवर्ड, त्याचं काम चेंडू हिसकावण्याचं, खांबांवर किक मारण्याचं नाही. त्याची किक हुकली. दुय्यम चॅलेंज चषक मात्र त्यांनी २०१० आणि २०१८ मध्ये जिंकला.

एप्रिल २०२५ मध्ये कार्डिफ क्लब आर्थिक अडचणीत आला आणि वेल्स रग्बी युनियननं तो ताब्यात घेतला. वॉस्प्सला तेवढंही नशीब लाभलं नाही : दोन वेळचा युरोपीय विजेता क्लब ऑक्टोबर २०२२ मध्ये कोसळला. विजेत्यांच्या यादीत नाव आहे, पण ज्याचा सामना बघायला जाता येत नाही असा तो एकच.

नववा दिवस, रविवार : लेस्टर

बर्मिंगहॅमला गाडी बदलून जायचं. रविवारी रुळांची कामं निघतात आणि मधल्या टप्प्यावर बस देतात, म्हणून दुपारच्या सामन्यासाठी तीन तासांचा प्रवास पाच तासांचा धरावा. वेलफर्ड रोड मैदान स्थानकापासून पायी पंधरा मिनिटांच्या आत.

लेस्टर पाच अंतिम सामने खेळलं, दोन जिंकलं : २००१ मध्ये स्ताद फ्राँसेवर ३४-३०, तेही पॅरिसमध्ये, आणि २००२ मध्ये मन्स्टरवर १५-९. लागोपाठ दोनदा जिंकणारा पहिला संघ तो. पुढे तुलोंनं २०१३, २०१४, २०१५ असे सलग तीन घेतले आणि त्या विक्रमाची बरोबरी अजून कोणी केलेली नाही. २००२ च्या सामन्यात अखेरीस मन्स्टरच्या स्क्रममध्ये (दोन्हीकडचे फॉरवर्ड भिडून ढकलतात त्या घोळक्यात) जाणारा चेंडू नील बॅकनं हातानं उडवला, पंचांना ते दिसलं नाही. लिमरिकमध्ये हा विषय आजही जपून काढावा.

शाकाहारी जेवणासाठी बेलग्रेव्ह रोड गाठावा, गुजराती खाणावळींची रांग आहे. रात्री लंडनच्या सेंट पँक्रसला परतायचं तर गाडी सव्वा तासाची. रविवारी रात्री गाड्या लवकर संपतात, तेव्हा सामना संध्याकाळचा असेल तर मुक्काम लेस्टरलाच ठेवावा.